फॉरमॅट मारण्याआधी

मराठवाड्यात घरचा संगणक अडायला लागला की त्या दुखण्याला बहुतेक वेळा एकच नाव मिळतं: व्हायरस. उपायही एकच ठरलेला: फॉरमॅट. "लई हँग व्हायलंय, व्हायरस आलाय जणू" असं गिऱ्हाइकानं म्हणायचं, "ठेवून जा, विंडोज मारून देतो" असं दुकानदारानं म्हणायचं, आणि एवढ्यावर नांदेडपासून लातूरपर्यंत कित्येक संगणकांचा निकाल लागतो. मधला तपास होतच नाही. संगणकात खरंच काही शिरलंय का, शिरलं असेल तर कुठल्या वाटेनं, आणि आतापर्यंत त्यानं काय नेलं? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत फॉरमॅटला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. अनेकदा व्हायरस नसतोच, आणि घरातले फोटो उगाच जातात. जेव्हा तो खरोखर असतो, तेव्हा नुसत्या फॉरमॅटनं नुकसान थांबत नाही.

नांदेड आणि लातूर या दोन शहरांतल्या घरच्या संगणकावर काय काय असतं, ते आधी लक्षात घ्यायला हवं. उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूर, कंधारहून मुलं शिकायला लातूर-नांदेडला येतात. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगरात एका खोलीत दोघे-तिघे राहतात आणि त्यांच्यात मिळून एखादा जुना लॅपटॉप असतो. नीटचा अर्ज, सीईटीचा अर्ज, प्रवेशफेरीचे पर्याय, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, जातवैधतेची कागदपत्रं, सगळं त्याच यंत्रात. २०२० च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर आली तेव्हा अनेक घरांनी पहिला संगणक घेतला आणि त्यातले बरेचसे कंपन्यांनी काढून टाकलेले जुने होते. घरात संगणक एकच, त्यावर बापाचं नेट बँकिंग, आईचे बचतगटाचे हिशेब, मुलाचे गेम आणि मुलीचे व्हिडिओ लेक्चर. अशा यंत्राची राखण कुठल्याही कचेरीतल्या संगणकापेक्षा अवघड आहे, आणि ती करायला घरात कुणी नेमलेला नसतो.

व्हायरसची भीती आपल्याकडे फ्लॉपीवरून आली. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. पुढं 'मायकेलअँजेलो' आला. तो ६ मार्चला जागा होऊन डिस्कवरची माहिती पुसायचा आणि १९९२ मध्ये त्यानं जगभर धास्ती निर्माण केली होती. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय काटकर यांना दुकानात येणाऱ्या बाधित यंत्रांमुळेच उपायाचा प्रोग्राम लिहावासा वाटला. त्यातून 'क्विक हील' उभं राहिलं. २००७ मध्ये कंपनीनं तेच नाव घेतलं आणि २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या मराठी माणसानं "हे नेमकं काय आहे" असा प्रश्न विचारला, म्हणून ही कंपनी झाली. आजच्या दुकानांतून तोच प्रश्न हरवत चालला आहे, याचं मला वाईट वाटतं.

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी या त्याच्या संगणक अभ्यासक्रमानं तालुक्यातालुक्यांत संगणक नेला. त्याच्याबरोबर पेन ड्राइव्हही आला. २००६-०७ च्या सुमाराचे नेटकॅफे ज्यांनी पाहिलेत त्यांना 'न्यू फोल्डर' नावाची, फोल्डरचंच चित्र लावलेली डॉट ईएक्सई फाइल आठवेल. इंडोनेशियातून आलेला 'ब्रॉन्टॉक' आठवेल. ऑर्कुट उघडलं की बंदीचा संदेश दाखवून राक्षसी हसणारा 'हीप फोर्टीवन-ए' आठवेल. पेन ड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्राम आपोआप चालवण्याची विंडोजची जी सोय होती, तिच्या जोरावर यातले बरेच पसरले. मायक्रोसॉफ्टनं फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेट देऊन जुन्या विंडोजमधली ती सोय बंद केली. मग हल्लेखोरांनी शॉर्टकटची युक्ती काढली. पेन ड्राइव्हवरचे खरे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढं ठेवायचे. माणूस आपल्याच हातानं क्लिक करतो, फोल्डर उघडतोही, आणि मागं दुसरं काहीतरी चालू होतं. हॉलतिकीट छापायला झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह दिला आणि घरी आल्यावर सगळे शॉर्टकट दिसले, हा अनुभव इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळखीचा आहे. त्यावेळी फाइल गेल्या असं समजून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करणारे फार. वास्तविक त्या जागच्या जागी असतात. फोल्डरच्या सेटिंगमध्ये लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फाइल दाखवण्याचा पर्याय निवडला की त्या दिसतात आणि दुसरीकडं उतरवून घेता येतात.

आता मुख्य मुद्दा. यंत्र मंद झालं, अचानक बंद पडलं, पडदा निळा झाला, इंटरनेट चालेना, या तक्रारींमागं दरवेळी व्हायरस नसतो, आणि आपल्या भागात तर त्याला दुसरी भक्कम कारणं आहेत. पहिलं ऊन आणि धूळ. नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत, भिंतीला टेकवून ठेवलेल्या डब्यातला पंखा धुळीनं जाम झालेला असतो. प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या वर गेला की स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर यंत्र बंद होतं. म्हणजे दुपारी रडणारा संगणक पहाटे नीट चालत असेल, तर अँटिव्हायरसच्या आधी पंखा उघडून ब्रश फिरवावा आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलावी.

दुसरं कारण हार्ड डिस्क. सात-आठ वर्षं वापरलेली फिरती डिस्क खराब व्हायला लागली की फाइल उघडायला मिनिटं लागतात, टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटून राहतो, आतून कटकट आवाज येतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो'सारख्या मोफत साधनानं ती एका मिनिटात वाचता येते. ही नोंद न पाहता फॉरमॅट मारणं धोक्याचं आहे. मरणाऱ्या डिस्कवर पुन्हा सगळं विंडोज लिहायचं म्हणजे उरलेल्या फोटोंवर पाणी सोडायचं. वीज वरचेवर जाते तिथं हे जास्त घडतं, कारण डिस्क लिहीत असताना वीज गेली की फाइलींची मांडणी बिघडते, आणि दुसऱ्या दिवशी संगणक 'दुरुस्ती चालू आहे' असं म्हणत तासभर बसून राहतो.

तिसरं कारण अगदी लहान आहे, तरी त्यानं मोठा घोळ होतो. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की संगणकाचं घड्याळ काही वर्षं मागं जातं. तारीख चुकली की ब्राउझरला प्रत्येक साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र खोटं वाटू लागतं आणि बँकेपासून विद्यापीठापर्यंत सगळीकडं 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असा लाल इशारा येतो. घरातले घाबरतात. उपाय मात्र किरकोळ किमतीची बॅटरी आणि तारीख दुरुस्त करणं, एवढाच. त्याच्या खालोखाल सी ड्राइव्ह काठोकाठ भरणं, एकाच यंत्रात दोन अँटिव्हायरस टाकणं (ते एकमेकांना तपासत बसतात), आणि पार्श्वभूमीवर चाललेलं विंडोज अपडेट. डेस्कटॉपच्या रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं पुसून बसवले की 'व्हायरस' पळतो, हे दुकानातल्या पोरांना चांगलं ठाऊक असतं. गिऱ्हाइकाला ते सांगितलं जात नाही.

व्हायरस नाही, पण अगदीच निरुपद्रवीही नाही, असा एक मधला प्रकार आहे आणि घरच्या तक्रारींत आज त्याचा वाटा मोठा दिसतो. फोटो ठरावीक केबीत बसवायचा असतो, पीडीएफ जोडायची असते, अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत असते. मुलगा गुगलवर शोधतो, पहिल्या खोट्या डाउनलोड बटणावर दाबतो, किंवा 'पुढे जाण्यासाठी परवानगी द्या' असं म्हणणाऱ्या पानाला परवानगी देतो. त्यानंतर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी इशारे यायला लागतात: तुमच्या संगणकात अमुक व्हायरस सापडले, तुमचं अँटिव्हायरस संपलं. हे इशारे संगणकातून येत नाहीत; ब्राउझरला दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीतून येतात. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढली, अनोळखी एक्स्टेन्शन उडवले, मुख्य पान आणि शोधयंत्र पूर्ववत केलं, की बहुधा सगळाच त्रास थांबतो. पूर्ण पडदाभर पसरून भोंगा वाजवणारा आणि मायक्रोसॉफ्टच्या नावानं फोन नंबर देणारा इशारा हाही याच जातीचा. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यात फोन नंबर देत नाही. त्या नंबरवर फोन करू नये, आणि समोरचा सांगतो म्हणून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर तर मुळीच टाकू नये. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला की भोंगा थांबतो.

मग खरी लागण कशी ओळखायची? विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बंद झालेला आहे आणि चालू करू गेलं तर चालू होत नाही. अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट तेवढ्या उघडत नाहीत, बाकी सगळ्या उघडतात. टास्क मॅनेजर उघडताच पंख्याचा आवाज एकदम कमी होतो, म्हणजे आत कुणीतरी चोरून क्रिप्टो नाण्यांचं खाणकाम करत होतं आणि पाहणारा आला म्हणून थांबलं. फाइलींच्या नावांना अनोळखी शेपटी लागली आहे. आपण न पाठवलेले मेल मित्रांना गेले आहेत. यातली कुठलीही एक खूण दिसली तर संशय रास्त आहे. तरी सगळ्यात वाईट जात कसलीच खूण देत नाही. 'रेडलाइन', 'लुमा' यांसारखे माहितीचोर काही सेकंदांत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी उचलतात, बाहेर पाठवतात आणि अनेकदा मागं काही ठेवतही नाहीत. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'लुमा'चं जाळं मोडलं, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत जगभरात ३,९४,००० विंडोज संगणक त्यानं बाधित झाल्याचं जाहीर केलं. त्या संगणकांपैकी कितीतरी मंदसुद्धा झाले नसतील.

शिरण्याच्या वाटांबद्दल आपल्याकडं मोकळेपणानं बोललं जात नाही, कारण त्यातली सर्वांत रुंद वाट आपण स्वतः खणलेली आहे. ती म्हणजे क्रॅक, परवान्याचं कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर. पत्रिका, बॅनर, प्रश्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडं पेजमेकर, कोरल, फोटोशॉप आणि मराठी फाँटची सॉफ्टवेअर बहुतेक क्रॅक केलेली असतात. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली तरी छपाईच्या कामाला जुने फाँट लागतात, म्हणून ती सोडवतही नाहीत. घरी विंडोज आणि ऑफिस टाकून देणारा मुलगा आपल्या पेन ड्राइव्हमधला ॲक्टिव्हेटर चालवतो. तो चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं जातं, आणि घरधनी ते करतो. रेड कॅनरी या संस्थेनं डिसेंबर २०२१ मध्ये दाखवून दिलं होतं की 'केएमएसपिको' नावाच्या ॲक्टिव्हेटरच्या खोट्या प्रतींतून 'क्रिप्टबॉट' हा माहितीचोर पसरवला जात होता. दाराची कडी आपणच काढून दिल्यावर आत कोण आलं हे कळायला मार्ग उरत नाही.

क्रॅकच्या वाटेनं आलेलं घरगुती संकट म्हणजे 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाचं खंडणीखोर कुटुंब. मोठ्या कंपन्यांमागं न लागता ते विद्यार्थी आणि घरगुती वापर करणाऱ्यांवर जगतं, आणि भारत त्याच्या मोठ्या बळींपैकी एक आहे. फोटो, वर्ड, पीडीएफ सगळं कुलूपबंद होतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक 'रीडमी' चिठ्ठी पडते: ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत दिले तर ४९०. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट कंपनीनं त्याच्या १४८ प्रकारांवर मोफत उतारा काढला. नंतरच्या प्रकारांत कुलूप बसवताना त्या संगणकाचा हल्लेखोराच्या सर्व्हरशी संपर्क झाला नसेल, तर एकच ठरीव किल्ली वापरली जाते आणि ती कधीतरी हाती लागू शकते. म्हणून अशा वेळी कुलूपबंद फाइली आणि ती चिठ्ठी जपून ठेवायची असते. आज उतारा नसला तरी उद्या निघू शकतो. फॉरमॅट मारला तर उताऱ्याचा उपयोगच उरत नाही. युरोपोल, नेदरलँडचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर कुलूपबंद फाइलीचा नमुना देऊन उतारा आहे का ते पाहता येतं. खंडणी भरू नये. शिवाय या कुटुंबाबरोबर पासवर्डचोरही येत असे, ही गोष्ट बहुतेकांना कळत नाही. फाइलींचं दुःख डोळ्यांपुढं असतं आणि पासवर्ड गेलेले असतात.

अलीकडची वाट आणखी साधी आहे. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' असं पान येतं आणि सांगतं: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानानं गुपचूप एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते आणि आपण ती आपल्या हातानं चालवतो. कुठलीही खरी साइट असं करायला सांगत नाही. घरातल्या सगळ्यांना एवढी एक गोष्ट जरी तोंडपाठ झाली तरी मोठं काम होईल.

संशय पक्का वाटला तर पहिल्यांदा इंटरनेट तोडावं: वाय-फाय बंद किंवा केबल बाहेर. चोर जे काही पाठवत असेल ते तिथंच थांबतं. पेन ड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क जोडू नये, जोडलेली असेल तर काढावी. पडद्यावर जे दिसतं त्याचा मोबाइलनं फोटो घ्यावा. पुढं दुकानात किंवा पोलिसांत तोच पुरावा. त्या संगणकावर कुठलाही पासवर्ड टाकू नये. मग तपासणी. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडरच्या स्कॅनच्या पर्यायांत ऑफलाइन स्कॅन असतो. तो निवडला की संगणक बंद होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण पाव तासात. विंडोज जागं झाल्यावर जे लपतं, ते इथं लपू शकत नाही. त्यानंतर दुसऱ्या डोळ्यांनी एकदा पाहावं: मायक्रोसॉफ्टचाच 'सेफ्टी स्कॅनर', 'ॲडक्लीनर' किंवा 'ईसेट'चा ऑनलाइन स्कॅनर, चांगल्या संगणकावर उतरवून आणलेला. सेफ्टी स्कॅनरची प्रत दहा दिवसांनी निकामी होते, तेव्हा दुकानात पडलेली जुनी प्रत चालणार नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेल्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'वरही भारतीय कंपन्यांची मोफत साधनं मिळतात. आपल्याकडं याची माहिती फार थोड्यांना आहे, आणि एमएस-सीआयटीच्या प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर ती लावायला हवी.

स्कॅनरनं काही सापडलं नाही म्हणजे काम संपलं असं नाही. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये काय काय आपोआप सुरू होतं ते पाहावं. टास्क शेड्यूलरमध्ये विचित्र नावाची, दर तासाला चालणारी कामं असतील तर ती पाहावीत. जाणत्या माणसानं 'ऑटोरन्स' वापरावं. मार्क रसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे साधन विंडोजबरोबर सुरू होणारी यच्चयावत गोष्ट दाखवतं आणि कुणाची सही नाही तेही सांगतं. होस्ट्स फाइल, प्रॉक्सी आणि डीएनएस तपासावं. घरातल्या सगळ्या मोबाइलवरही भलत्या जाहिराती येत असतील तर संशय राउटरवर घ्यावा. केबलवाल्यानं बसवलेल्या राउटरचा पासवर्ड कित्येक घरांत कारखान्यातून आला तसाच असतो.

एवढं करूनही विश्वास बसत नसेल, तर फॉरमॅट जरूर करावा. माहितीचोर किंवा खंडणीखोर सापडला असेल तर मी स्वतः तोच सल्ला देईन. पण तो नीट व्हावा. आपल्याकडं फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो आणि डीमध्ये सॉफ्टवेअरच्या सेटअप फाइली तशाच राहतात. 'सॅलिटी', 'रॅम्निट' यांसारखे व्हायरस नेमके डॉट ईएक्सई फाइलींतच घर करतात. रॅम्निट तर एचटीएमएल फाइलींतही शिरतो. युरोपोलनं फेब्रुवारी २०१५ मध्ये रॅम्निटचं जाळं पाडलं तेव्हा बाधित देशांत भारत आघाडीवर होता. नवं विंडोज टाकायचं आणि डीमधल्या त्याच सेटअपवर क्लिक करायचं, की आठ दिवसांत मूळ जागी. डीमधून फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं ठेवावीत, सेटअप फाइली सगळ्या उडवाव्यात.

दुसरी गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. २०१२ नंतर विंडोजसह विकल्या गेलेल्या बहुतेक लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच अस्सल परवान्याची किल्ली कोरलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मोफत प्रत उतरवून तीच आवृत्ती टाकली, तर ती नेटला जोडताच आपोआप अधिकृत होते. ना पैसे, ना ॲक्टिव्हेटर. तरीही अशा यंत्रांवर क्रॅक केलेलं विंडोज मारलं जातं, कारण पेन ड्राइव्हमध्ये तेच तयार असतं. म्हणजे ज्याच्याकडं अस्सल आहे त्यालाही चोरीचा माल चिकटवून घरी पाठवलं जातं. लॅपटॉप दुरुस्तीला देताना 'याचंच ओरिजिनल विंडोज टाका, ॲक्टिव्हेटर चालवू नका' एवढं वाक्य मालकानं म्हणायला शिकावं. आणि दुरुस्ती करणाऱ्या तरुणांनी बिलावर काय सापडलं ते लिहावं: पंखा, डिस्क, बॅटरी, ॲडवेअर, की पासवर्डचोर. शेवटचं असेल तर गिऱ्हाइकाचं खरं काम घरी गेल्यावर सुरू होतं, आणि त्याला ते सांगणारा दुसरा कुणी नसतो.

ते काम पासवर्डचं. ते चांगल्या यंत्रावरून, म्हणजे मोबाइलवरून करावं. आधी मुख्य जीमेल, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथं येतात. पासवर्ड बदलून 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय दाबावा. कुकी चोरीला गेली असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही. चोर आधीच आत बसलेला असतो. मग बँक, मग प्रवेशाची पोर्टल, मग व्हॉट्सॲपची जोडलेली उपकरणं. दुहेरी पडताळणी लावावी आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पुसावेत.

घरच्या एका यंत्राला एवढं महत्त्व कशाला, असं कुणी म्हणेल. मोठ्या संस्थांची दशा पाहिली की उत्तर मिळतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर शिरवून २८ देशांतल्या एटीएममधून आणि स्विफ्टमार्फत मिळून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. जानेवारी २०२१ मध्ये खुद्द नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून १४ कोटींहून जास्त रक्कम ऑनलाइन वळती झाली. १२ मे २०१७ च्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर हल्ल्याचं छिद्र बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं त्यांत आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही होते. या संस्थांकडं माणसं होती, पैसा होता. घराकडं फक्त अपडेट आहे. म्हणून विंडोज ७ वरचं घर आता कुठल्याही अँटिव्हायरसनं सुरक्षित होत नाही. त्याचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असून नाव नोंदवणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. ज्या यंत्रावर विंडोज ११ चढत नाही त्यावर लिनक्स मिंट टाकावं. व्हिडिओ लेक्चर, अर्ज, पीडीएफ, युनिकोड मराठी, एवढ्याला ते पुरून उरतं. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या अभियांत्रिकी संस्थेतल्या किंवा लातूरच्या महाविद्यालयांतल्या संगणकाच्या मुलांनी सुट्टीत असे संगणक तपासण्याची शिबिरं भरवली, तर दोन्ही जिल्ह्यांतली कितीतरी घरं वाचतील.

आणि पैसे गेलेच असतील तर संगणक बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात. तक्रार जितकी लवकर तितकी ती साखळी मध्ये गोठवण्याची शक्यता जास्त. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि त्याच दिवशी बँकेला लेखी अर्ज. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर तोट्याचा भार पडत नाही. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित पडतो. डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांनाही असेच नियम लागू झाले, त्यामुळं पतपुरवठ्यासाठी नागरी बँकेत खातं असलेल्या नांदेड-लातूरच्या व्यापाऱ्यांनाही ते लागू आहेत. अर्जाला पडद्याचे ते फोटो जोडावेत, १९३० कडून मिळालेला तक्रार क्रमांक लिहावा आणि बँकेकडून तारखेसह पोच घ्यावी.